चार किलोमीटरच्या परिघातली गोष्ट

युकिओ मिशिमाची ‘शिओसाई’ ही कादंबरी आकड्यांनी उघडते. बेटाची वस्ती चौदाशे, परीघ एक ‘री’पेक्षा कमी. ‘री’ हे जुनं जपानी माप, जवळपास चार किलोमीटरचं. प्रेमकथेच्या तोंडाशीच गॅझेटियरमध्ये शोभावी अशी ही माहिती कशासाठी, असा प्रश्न पहिल्या वाचनात पडतो. घरी बसून वाचणारा तो आकडा ओलांडून पुढे जातो. पण तीच कादंबरी हातात घेऊन, जिथे ती घडते त्या बेटाकडे बोटीने निघालं, की हा आकडा साऱ्या गोष्टीची किल्ली असल्याचं ध्यानात येतं.

कादंबरीतल्या बेटाचं नाव उताजिमा, म्हणजे गाण्याचं बेट. नकाशावर ते कामिशिमा या नावाने सापडतं, म्हणजे देवाचं बेट. उताजिमा हे कामिशिमाच्याच जुन्या नावांपैकी एक, त्यामुळे मिशिमाने नाव बदललं असलं तरी फार लपवाछपवी केलेली नाही. जपानच्या मिए प्रांतातल्या तोबा शहराच्या हद्दीत, इसेच्या उपसागराच्या अगदी तोंडावर हे बेट आहे. क्षेत्रफळ पाऊण चौरस किलोमीटर, सर्वांत उंच डोंगर १७१ मीटरचा. ‘शिओसाई’ या शब्दाचा अर्थ भरतीच्या पाण्याचा घनगंभीर आवाज. इंग्रजीत त्यासाठी तीन-चार शब्द जुळवावे लागले. मराठीत मात्र किनाऱ्यावरच्या माणसांनी नेमका शब्द घडवून ठेवला आहे: गाज.

तोबा हे मोत्यांचं गाव. कोकिची मिकिमोतोने १८९३ साली इथल्याच पाण्यात शिंपल्यात मोती पिकवून दाखवला. बंदरावरून शहराच्या मालकीच्या प्रवासी बोटी आसपासच्या बेटांवर जातात. त्यातलं कामिशिमा सगळ्यांत दूरचं, सुमारे चाळीस मिनिटांचं. दिवसात मोजक्याच फेऱ्या, आणि वारा वाढला की त्याही बंद. निघाल्यावर पहिला बराच वेळ दोन्ही अंगांना मोठ्या बेटांचा आडोसा असतो आणि पाणी तळ्यासारखं वाटतं. तो आडोसा संपला की बोटीचा नूर पालटतो. उपसागरातलं सगळं पाणी भरती-ओहोटीला ज्या अरुंद दारातून आत-बाहेर करतं, त्या इरागो खाडीमुखाच्या तोंडाशी आपण आलेलो असतो. नारुतो आणि ओंदो या दोन सामुद्रधुन्यांच्या बरोबरीने जपानी नावाडी या इरागोचं नाव भीतीने घेत आले आहेत. नागोयाला जाणारी-येणारी मोठमोठी जहाजं आजही याच दारातून जातात. कादंबरीतला दीपगृहाचा अधिकारी दुर्बीण लावून जाणाऱ्या जहाजांची नोंद ठेवतो आणि फोनवरून मुख्य भूमीला कळवतो. तो हे का करतो, ते बोटीच्या कठड्याला धरून उभं राहिलेल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

मिशिमा इथे आला तो १९५३ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी. तोवर ‘मुखवट्याचे कबुलीजबाब’ या कादंबरीने त्याचं नाव झालेलं होतं. ते पुस्तक अंधाऱ्या, स्वतःलाच कुरतडणाऱ्या मनाचं. मग १९५१च्या अखेरीस तो जगाच्या सफरीवर निघाला आणि १९५२च्या वसंतात ग्रीसला पोचला. तिथलं ऊन, समुद्र आणि पुतळ्यांची निरोगी शरीरं यांनी तो भारून गेला. परतल्यावर त्याने लाँगस या प्राचीन ग्रीक लेखकाची ‘डॅफ्निस आणि क्लोई’ ही कथा समोर ठेवली. लेस्बोस बेटावरचे दोन कोवळे गुराखी, त्यांचं अजाण प्रेम, आणि ते प्रेम कसोट्यांतून तावून-सुलाखून निघणं, असा तिचा सांगाडा. जपानमध्ये हे घडवायचं तर कुठे? युद्ध संपून आठ वर्षं झाली होती, शहरं वेगाने बदलत होती. शहराचा वारा न लागलेलं, पण अगदी दरिद्रीही नसलेलं कोळ्यांचं गाव त्याला हवं होतं. त्याचे वडील पूर्वी शेती-मत्स्य खात्यात मोठे अधिकारी होते. त्या ओळखीने सरकारी मत्स्य विभागाकडे विचारणा झाली आणि सुचवलेल्या जागांतून त्याने कामिशिमा निवडलं.

मार्च १९५३मध्ये तो पहिल्यांदा आला, उन्हाळ्याच्या शेवटी पुन्हा आला. राहिला तो मच्छिमारांच्या सहकारी संस्थेच्या प्रमुखाच्या घरी. पहिल्या मुक्कामातून त्याने यासुनारी कावाबाता या ज्येष्ठ लेखकाला पत्र लिहिलं. बेटावर चित्रपटगृह नाही, पाचिंकोचा जुगारी अड्डा नाही, दारूचं दुकान नाही, आणि त्यामुळे आपणही सकाळी साडेसहाला उठू लागलो आहोत, असं त्यात आहे. रात्रभर जागून लिहिणाऱ्या माणसाच्या तोंडून आलेली ही कबुली फार गोड आहे. तो बोटींवर गेला, मासेमारी पाहिली, पाण्याच्या जागा, वाटा, पायऱ्या टिपून घेतल्या. पुढच्याच वर्षी, १९५४च्या जूनमध्ये, कादंबरी आली आणि तिला शिंचो पुरस्काराचा पहिला मान मिळाला.

बेटावर उतरलं की गाव एका दृष्टिक्षेपात मावतं. सगळी घरं डोंगराच्या एकाच कुशीत, बंदराकडे तोंड करून, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकल्यासारखी. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून कुणी आलं तर एकाने अंग चोरावं लागतं. गावाला वळसा घालणारी वाट धरली तर दोन-तीन तासांत बेट पालथं घालून माणूस परत बंदरावर येतो. वाटेत एकामागून एक कादंबरीतल्या जागा लागतात: बायका जिथे कपडे धुवायला जमत तो सार्वजनिक धोबीघाट, यात्सुशिरो देवळाच्या २१४ पायऱ्या, १९१० सालचं दीपगृह, डोंगरापलीकडची ओसाड लष्करी चौकी, आणि बायका पाण्यात बुड्या मारायच्या तो निवाचा किनारा. खुणेच्या पाट्या आहेत, पण त्यांची गरज भासू नये इतकं मिशिमाचं वर्णन काटेकोर आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. शिंजी हा अठरा वर्षांचा कोळी. बाप युद्धात अमेरिकी विमानाच्या हल्ल्यात गेलेला, आई बुड्या मारून शिंपले काढणारी, धाकटा भाऊ शाळेत. हात्सुए ही गावातल्या श्रीमंत जहाजमालकाची मुलगी, दुसरीकडे दत्तक दिलेली. मालकाचा मुलगा वारल्यावर त्याने तिला परत बोलावलेलं. शिंजी तिला पहिल्यांदा पाहतो ते किनाऱ्यावर, लाकडी चौकटींना टेकून उभी असताना. होड्या वाळूवर ओढताना त्यांच्या खाली या चौकटी सरकवतात. गावात त्यांना ‘सोरोबान’ म्हणत, म्हणजे मणीचौकट, हिशेबाची पाटी. होडीखाली ओंडके सारणाऱ्या कोकणातल्या माणसाच्या डोळ्यांसमोर हे चित्र झटकन उभं राहील.

दोघांचं एकमेकांवर मन जडतं. आता भेटायचं कुठे?

पहिल्या ओळीतले ते आकडे इथे कामाला लागतात. चार किलोमीटरच्या परिघात चौदाशे माणसं, तीही सगळी एकाच उतारावर. शिंजी आणि हात्सुए किनाऱ्यावर बोलले तर जाळी विणणारे पाहणार, गल्लीत बोलले तर दोन्हीकडच्या खिडक्या ऐकणार. दीपगृहावर अधिकाऱ्याची बायको मुलींना रीतभात शिकवते, तिथे सतत वर्दळ. दिवसा सगळे कोळी समुद्रावर, सगळ्या बायका पाण्यात. मोकळा वेळ मिळतो तो फक्त वादळाच्या दिवशी, कारण त्या दिवशी होड्या निघत नाहीत. म्हणून दोघं ठरवतात, की पुढचं वादळ येईल त्या दिवशी भेटायचं. जगातल्या प्रेमिकांनी चांदण्या रात्री निवडल्या असतील, पण इथे हवामानच पंचांग होतं.

आणि जागा? ती डोंगरापलीकडची चौकी. तिचं नाव ‘कान्तेकिशो’. लष्कराने १९२९ साली बांधलेली काँक्रीटची दुमजली इमारत. समोरच्या इरागो भूशिरावरून तोफांची चाचणी होई, गोळे समुद्रात कुठे पडतात ते टिपण्यासाठी इथे सैनिक बसत. युद्ध हरल्यावर ती रिकामी पडली. गावकरी तिथे पाइनच्या सुक्या काटक्या साठवत, एवढाच तिचा उपयोग उरला. कादंबरीतला सगळ्यांत प्रसिद्ध प्रसंग इथलाच. वादळात भिजून आलेला शिंजी शेकोटी पेटवतो, झोपी जातो, जागा होतो तेव्हा हात्सुए आगीपलीकडे आपले कपडे वाळवत असते. दोघांत आग असते. ती त्याला ज्वाळांवरून उडी मारून यायला सांगते. पुढे मात्र दोघंही लग्नाआधीची मर्यादा ओलांडत नाहीत.

आज ही चौकी डागडुजी करून नीट ठेवली आहे. आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवते ती खिडक्यांची मांडणी. सगळ्या समुद्राकडे. गाव त्यांतून दिसूच शकत नाही, आणि गावातून ही इमारतही दिसत नाही, मधे अख्खा डोंगर आहे. गोळे पाहण्यासाठी बांधलेल्या जागेला गावाशी काही देणंघेणं नव्हतं, म्हणून अख्ख्या बेटावर तीच एक जागा माणसांच्या नजरेबाहेर राहिली. युद्धाने मागे टाकलेल्या सांगाड्यात मिशिमाने आपल्या कथेतली सगळ्यांत निष्पाप घटना ठेवली. घरी वाचताना हा प्रसंग थोडा नाटकी वाटतो. त्या काँक्रीटच्या थंड भिंतींमध्ये उभं राहिल्यावर कळतं, की याला दुसरा पर्यायच नव्हता.

गुपित अर्थातच टिकत नाही. टोकियोत शिकणारी दीपगृह-अधिकाऱ्याची मुलगी चियोको नुकतीच परतलेली असते. वादळात दोघांना डोंगराच्या पायऱ्या उतरताना ती पाहते. तीही शिंजीवर मनातून झुरते. ती यासुओला सांगते, यासुओ गावभर करतो. हा यासुओ गावातल्या तरुण मंडळाचा अध्यक्ष, पैसेवाल्या घरचा. मंडळ, अध्यक्ष, गावभर झालेली वाच्यता: एवढ्या लहान वस्तीत बातमी पसरायला दिवसही पुरेसा होतो. हात्सुएचा बाप तिच्या बाहेर पडण्यावर बंदी घालतो. मग पत्रं पाण्याच्या रांजणाच्या झाकणाखाली ठेवली जातात आणि शिंजीच्या होडीवरचा सोबती ती त्याच्यापर्यंत पोचवतो.

पाणी हा या कादंबरीतला अबोल पात्रासारखा भाग आहे. बेटावर गोडं पाणी कमी, म्हणून घरोघरच्या पाळ्या लावलेल्या. पाळी मध्यरात्री दोनला आली तर दोनला उठून जायचं. हात्सुएची पाळी कधी आहे हे यासुओ शोधून काढतो आणि अंधारात पाणवठ्यावर दबा धरून बसतो. तिच्या अंगावर तो धावून जातो तेव्हा तिला सोडवते ती एक गांधीलमाशी. वाचणाऱ्याला इथे हसू येतं, पण हसू ओसरल्यावर दिसतं ते वेगळंच. पाळीचा तक्ता सगळ्यांना ठाऊक असणं, म्हणजे कुठल्या मुलीने कुठल्या वेळी एकटीने अंधारात जायचं हेही सगळ्यांना ठाऊक असणं. बेटाच्या त्याच लहान आकाराने प्रेमाला जागा दिली नाही, आणि धोक्याला मात्र वेळापत्रक छापून दिलं. मिशिमाने यावर भाष्य केलेलं नाही, प्रसंग मांडून तो पुढे गेला आहे. या जागेवर तो थांबायला हवा होता असं वाटत राहतं.

बुडी मारणाऱ्या बायकांना जपानीत ‘आमा’ म्हणतात. पाठीवर हवेची टाकी नसते, एका श्वासात तळ गाठायचा, खडकाला चिकटलेला अ‍ॅबलोन लोखंडी पट्टीने उपटायचा आणि वर यायचं. वर आल्यावर छातीतला श्वास शिट्टीसारखा आवाज करत सुटतो, त्याला ‘समुद्राची शीळ’ असं नाव आहे. तोबा आणि शेजारचा शिमा हा आजही जपानमधल्या सर्वाधिक आमांचा मुलूख. या बायकांची कमाई पुरुषांच्या तोडीची असे, म्हणूनच शिंजीची विधवा आई दोन मुलांना वाढवू शकली. कादंबरीत एक फिरता विक्रेता हातपिशव्या घेऊन बेटावर येतो आणि सर्वांत जास्त अ‍ॅबलोन काढणारीला त्यातली एक बक्षीस लावतो. पैज हात्सुए जिंकते. पिशवी मात्र ती शिंजीच्या आईला देते. आधी हात्सुएच्या बापाच्या दारातून अपमानित होऊन परतलेली ही बाई, तिच्या मनातली अढी त्या एका कृतीने सुटते. निवाच्या किनाऱ्यावर बसून हे प्रकरण वाचावं. ओहोटीला उघडे पडणारे खडक आणि त्यांच्या पलीकडचं एकदम खोल होणारं हिरवं पाणी पाहिलं, की त्या पिशवीची खरी किंमत किती श्वासांची होती ते समजतं.

शेवटची कसोटी बेटाबाहेर आहे. शिंजी आणि यासुओ दोघंही हात्सुएच्या बापाच्या मालवाहू जहाजावर ओकिनावाला जातात. ओकिनावा तेव्हा अमेरिकेच्या ताब्यात होतं, जपानला परत मिळालं ते १९७२ साली. तिथे तुफानात जहाजाचा दोर तुटतो आणि शिंजी कमरेला दोर बांधून पाण्यात उडी घेतो, बोयापर्यंत पोहतो. म्हातारा जहाजमालक जावई निवडताना घराणं पाहत नाही, अंगातली धमक पाहतो.

कथा अशी सरळ आहे, आणि हाच तिच्यावरचा जुना आक्षेप. स्वतः मिशिमालाही ती पुरती पटलेली नव्हती. १९५५च्या ‘कादंबरीकाराची सुट्टी’ या टिपणवजा पुस्तकात त्याने आपल्या या कादंबरीतल्या निसर्गाला ट्रियानॉनची उपमा दिली आहे. फ्रान्सच्या राणीने व्हर्सायच्या बागेत खेड्याची नक्कल उभी केली होती, तिथे मेंढ्याही धुतलेल्या असत. आपण उभं केलेलं बेट तसंच सजवलेलं झालं, अशी त्याची खंत. ती खोटी नाही. कोळ्यांच्या घरातली कर्जं, आजारपणं, बेट सोडून पळू पाहणारी पोरं यात फारशी येत नाहीत. बाहेरचं जग डोकावतं ते शाळेच्या सहलीतून. शिंजीचा भाऊ क्योतोला जातो, पहिल्यांदाच चित्रपट पाहतो आणि घडीची खुर्ची उघडायची असते हे न कळून तशीच तिच्या कडेवर बसून राहतो. तो प्रसंग इतका जिवंत आहे, की मिशिमाने असे आणखी लिहायला हवे होते. पण होड्यांखालची चौकट, पाण्याच्या पाळ्या, ऑक्टोपस पकडायचे मातीचे घट, दुर्बिणीतून मोजली जाणारी जहाजं या साऱ्यांत काहीही सजवलेलं नाही. बेट पायी फिरलेल्या वाचकाचा कौल लेखकाने स्वतःला दिलेल्या निकालापेक्षा नक्कीच उदार असेल.

बेटाला पुस्तकाने पाहुणे दिले. १९५४ ते १९८५ या काळात ‘शिओसाई’वर पाच चित्रपट निघाले. १९६४च्या चित्रपटात सायुरी योशिनागा, १९७५च्या चित्रपटात मोमोए यामागुची आणि तोमोकाझू मिउरा. या शेवटच्या जोडीने १९८० साली खरोखरच लग्न केलं. पिढ्यांमागून पिढ्यांच्या मनात शेकोटीचा तो प्रसंग त्या त्या काळच्या चेहऱ्यांनी कोरला गेला. दीपगृहापाशी आता जोडपी फोटो काढतात. ऑक्टोबरमध्ये दुसरे पाहुणे येतात: दक्षिणेकडे स्थलांतर करणारे शिकारी पक्षी आणि लांबचा प्रवास करणारी निळसर फुलपाखरं, समुद्र ओलांडण्याआधी या बेटाचा आधार घेतात. बेटाची स्वतःची मोठी रीत मात्र कादंबरीत प्रसंग म्हणून येत नाही, कारण गोष्ट वसंतात सुरू होऊन उन्हाळ्याबरोबर संपते. ती रीत नव्या वर्षाच्या पहाटेची. डहाळ्या वाकवून केलेलं मोठं पांढरं कडं, सूर्याचं प्रतीक, पुरुष लांब बांबूंच्या टोकांवर झेलत आकाशात उंच उचलत.

ते कडं उचलायला माणसं मात्र कमी होत गेली. कादंबरीतल्या चौदाशेंच्या जागी आता बेटावर तीनशेच्या आसपास माणसं राहतात, त्यांतली पुष्कळ वयस्कर. परीघ तोच आहे. ज्या गर्दीपासून लपायला शिंजी आणि हात्सुएला डोंगर ओलांडावा लागला, ती गर्दी आता गल्ल्यांत नाही. दुपारी गावातून चालताना बंद दारं अधिक दिसतात, आणि ज्या घरात मिशिमा उतरला होता त्याच्यापुढच्या पाटीपाशी एखादा वाचक थांबलेला असतो.

सोळा प्रकरणांची ही कादंबरी जाता-येताच्या बोटीत आणि मधल्या फेरफटक्यात एका दिवसात वाचून होते. शेवटचं प्रकरण परतीसाठी राखून ठेवावं. त्यात दोघं दीपगृहावर उभी असतात. वादळात आपण त्याला दिलेल्या फोटोनेच त्याला तारलं, असं हात्सुएला वाटतं. शिंजीला मात्र आतून ठाऊक असतं, की आपल्याला तारलं ते आपल्याच बळाने. इतक्या प्रेमळ गोष्टीच्या अगदी शेवटी हा छोटासा दुरावा ठेवणारा लेखक पुढे शरीर घडवण्याच्या ध्यासाने झपाटला आणि १९७० साली स्वतःच्या हाताने मेला, हे आठवून ते वाक्य जड होतं. तोबाकडे तोंड केलेल्या बोटीच्या मागच्या डेकवरून तोवर सगळं गाव दिसत असतं: बंदराची भिंत, एकावर एक चढलेली छपरं, देवळाकडे जाणाऱ्या झाडीची काळी रेघ. चौकी दिसत नाही. ती डोंगराच्या पलीकडच्या अंगाला आहे.